पहिला सिनेमा करताय? आधी घरखर्चाची वही उघडा

माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न साधारण ठरलेले असतात: कॅमेरा कोणता घेऊ, पटकथा कुणाला दाखवू, फेस्टिव्हलला कुठे पाठवू. पटकथा हातात घेतल्यापासून सिनेमा लोकांसमोर येईपर्यंत तीन-चार वर्षं सहज जातात. त्या काळात घरभाडं कशातून भरायचं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. सिनेमाबद्दल बोलायला आलो आणि किराण्याचं कुठे काढायचं, असा संकोच असतो. मी लाइन प्रोड्यूसर म्हणून, म्हणजे शूटिंगचा खर्च आणि व्यवस्था सांभाळायचं काम करतो, त्यामुळे अर्धवट राहिलेले सिनेमे जवळून पाहिले आहेत. त्यातले फार थोडे पटकथा कच्ची म्हणून अडकले. बाकीचे दिग्दर्शकाचं घर चालेना म्हणून थांबले, नाहीतर एका कागदावर सही घ्यायची राहिली म्हणून हार्ड डिस्कमध्ये पडून आहेत.

महाराष्ट्रात राहून मराठीत स्वतंत्रपणे सिनेमा, लघुपट किंवा माहितीपट करू पाहणाऱ्या नव्या माणसासाठी हे लिहितोय. पायऱ्या क्रमाने घ्या. पहिल्या तीन जमल्याशिवाय पाचवीकडे जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

पायरी १: दोन वह्या, दोन खाती

एक वही घराची, एक सिनेमाची. बँकेतली खातीही वेगळी. सिनेमाचा पैसा उशिरा येतो, तुकड्यातुकड्यांनी येतो, कधी येतच नाही. घराचा खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला दारात उभा असतो. दोन्ही एकाच खात्यात असले की शूटिंगच्या धावपळीत घराचे पैसे जनरेटरच्या डिझेलला जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

घराच्या वहीत पहिल्यांदा एकच आकडा काढा: एक दिवस काम केलं की निदान किती मिळायला हवेत? समजा, पुण्यात भाड्याने राहणाऱ्या एकट्या माणसाचा महिन्याचा खर्च ३५,००० रुपये आहे. लॅपटॉपचा हप्ता, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर, आरोग्य विमा, पेट्रोल असा धंद्याचा खर्च १५,००० धरा. झाले ५०,०००. आता महिन्यातले किती दिवस पैशाचे? मीटिंगा, कोटेशनं, दुरुस्त्या आणि रिकामे दिवस वजा केले तर सुरुवातीला दहा दिवस भरले तरी पुष्कळ. म्हणजे दिवसाला ५,००० मिळाले तर तुम्ही कसेबसे तरता. आजारपण, कर आणि पावसाळ्यात मंदावणारं काम यांच्यासाठी त्यावर आणखी तिसरा हिस्सा चढवा. साडेसहा ते सात हजारांच्या खाली घेतलेलं प्रत्येक काम म्हणजे स्वतःच्या खिशातून घातलेली भर.

मित्राच्या लघुपटावर फुकट काम करायला माझी हरकत नाही. त्यातूनच माणसं जोडली जातात, पुढे तीच माणसं तुमच्या सेटवर उभी राहतात. पण ते दिवसही वहीत लिहा. वर्षाअखेरीला फुकटचे दिवस पैशाच्या दिवसांपेक्षा जास्त दिसले, तर कुठे थांबायचं ते तुम्हालाच कळेल.

आणि स्वतःच्या सिनेमाच्या शूटिंगची तारीख ठरवण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च त्या घराच्या खात्यात बाजूला पडलेला असू द्या. लोक तीन महिने सांगतात. तीन पुरत नाहीत, कारण शूटिंग संपल्यावर एडिट सुरू होतं आणि त्या काळात दुसरं काम हाती घेता येत नाही.

पायरी २: घर चालवणारं काम

लग्नाचं शूटिंग, कंपनीची फिल्म, संस्थेचा माहितीपट, दुसऱ्याच्या फिल्मचं एडिट. या कामांना कमी लेखायची एक सवय आपल्या मंडळींत आहे आणि मला ती मनापासून खटकते. वरातीत एका टेकमध्ये, पुन्हा संधी न मिळता, शंभर माणसांच्या गर्दीतून योग्य चेहरा पकडणं हे उत्तम प्रशिक्षण आहे. त्याचे पैसेही मिळतात.

नव्या माणसाला सगळ्यात कमी माहीत असलेलं क्षेत्र म्हणजे सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातल्या फिल्म. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. हा पैसा बऱ्याचदा संस्थांमार्फत खर्च होतो आणि झालेलं काम कंपनीला दाखवावं लागतं: पाणलोटाचं काम, शाळेची दुरुस्ती, महिलांचं शिवणकाम केंद्र. तिथे तीन ते पाच मिनिटांची फिल्म लागते. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी या औद्योगिक पट्ट्यांच्या आसपास राहत असाल तर अशा कंपन्या आणि संस्था तुमच्या तासाभराच्या अंतरावर आहेत. आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपतं, त्यामुळे जानेवारीपासून अशा कामाची घाई सुरू होते. विचारणा करायला दिवाळीनंतर जा. त्याच कंपन्यांना कामगारांसाठी मराठी आणि हिंदीत सुरक्षेच्या फिल्म लागतात. ते काम दिसायला साधं, पण दरवर्षी परत येणारं.

सरकारी कामंही असतात. माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, जिल्हा परिषदा, कृषी विद्यापीठं फिल्म करून घेतात. पॅनेलवर नाव लागावं लागतं किंवा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी लागते. पैसे बुडत नाहीत, पण कधी येतील ते सांगता येत नाही. महिन्याचा हप्ता त्यावर अवलंबून ठेवू नका.

मुंबईत मालिकेवर सहायक दिग्दर्शक म्हणून जायचं का, असं पुष्कळजण विचारतात. एक वर्ष जा. सेटची शिस्त, कॉल शीट (दिवसाच्या कामाचं वेळापत्रक), कंटिन्युइटी (एका शॉटशी दुसरा जुळवणं) तिथे अंगात मुरते. मात्र बारा तासांची शिफ्ट आणि काम केल्यानंतर नव्वद दिवसांनी पैसे, हा त्या धंद्यातला रुळलेला व्यवहार आहे. पहिले तीन महिने घर दुसऱ्या पैशावर चालवायची तयारी ठेवा, आणि वर्षभरानंतर स्वतःचं लिखाण होत नसेल तर बाहेर पडा.

कॅमेऱ्यापलीकडचं एखादं कौशल्य हाती असलं की घरी बसून कमावता येतं: एडिट, कलर, मराठीतून इंग्रजी सबटायटल, साउंडची सफाई. सबटायटलवाले सगळ्यांना लागतात आणि चांगले फार थोडे आहेत.

पायरी ३: कोटेशन, बिल आणि अडकलेले पैसे

कोटेशनमध्ये एकच गोळा रक्कम लिहू नका. पाच मिनिटांच्या संस्थेच्या फिल्मचं कोटेशन साधारण असं मांडा: संशोधन आणि लेखन दोन दिवस, शूटिंग दोन दिवस (माणसं किती, कॅमेरा आणि लाइट कोणते), प्रवास आणि मुक्काम, एडिट चार दिवस, निवेदकाचा आवाज, संगीताचं लायसन्स, सबटायटल. खाली लिहा: दुरुस्तीच्या दोन फेऱ्या या रकमेत, तिसऱ्या फेरीला दिवसाचा दर लागू. ही एक ओळ नसेल तर ‘फक्त लोगो थोडा मोठा करा’पासून सुरू झालेलं प्रकरण महिनाभर चालतं.

हप्ते असे: शूटिंगआधी ५० टक्के, पहिला कट दाखवल्यावर ३० टक्के, उरलेले २० टक्के अंतिम फाइल देण्याआधी. तोवर फाइलवर वॉटरमार्क राहू द्या. समोरचा माणूस कितीही ओळखीचा असला तरी हाच क्रम.

आता अशी गोष्ट सांगतो जी फिल्म करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नाही. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅन घालून सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करा. ती पूर्ण मोफत आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइट दलालांच्या असतात. सेवा देणारा एकटा माणूसही नोंदणी करू शकतो. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. शिवाय २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच दाखवता येते. त्यामुळे मार्चच्या आधी कंपनीचे अकाउंटवाले स्वतः फोन करून विचारतात की तुम्ही एमएसएमई आहात का. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. तरीही पैसे अडकले तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. एका मोठ्या कंपनीकडे माझं बिल आठ महिने फिरत होतं. उद्यम क्रमांक आणि कायद्याचा उल्लेख असलेलं दोन ओळींचं पत्र पाठवल्यावर ते मार्गी लागलं.

कराचं थोडक्यात. व्यावसायिक फी देताना कंपनी साधारण १० टक्के टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) कापते. तो तुमच्या नावावर जमा होतो का, हे आयकर खात्याच्या पोर्टलवर तपासा आणि विवरणपत्र भरून परतावा घ्या. विवरणपत्र न भरल्यामुळे हजारो रुपये सोडून दिलेले किती तरी जण मला भेटले आहेत. दिग्दर्शक, छायाचित्रकार, संकलक, पटकथाकार यांना अंदाजित उत्पन्नाची सोय मिळते: वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरायचा, बारीकसारीक खर्चाच्या पावत्या दाखवायची गरज नाही. सेवांची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. एक चांगला सीए गाठा. वर्षाला त्याची जी फी होईल ती कॅमेऱ्याच्या भाड्याइतकीच गरजेची आहे.

पायरी ४: हक्कांचे कागद

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथे झालेलं नुकसान नंतर भरून निघत नाही.

पहिली गोष्ट मनाशी पक्की करा: भारतीय कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा कर्ता निर्माता आहे, दिग्दर्शक नव्हे. फिल्म प्रदर्शित झाल्यानंतर ६० वर्षं तो हक्क टिकतो आणि तो निर्मात्याचा. तुम्ही लिहिलं, दिग्दर्शित केलं, एडिटही केलं, पण पैसे आणि पुढाकार दुसऱ्याचा असेल तर करारात वेगळं ठरल्याशिवाय फिल्म त्याची. म्हणून दिग्दर्शकाच्या करारात या गोष्टी मागा: श्रेयनामावलीत नाव कुठे आणि कसं, फी कोणत्या टप्प्याला किती, नफ्यात वाटा असेल तर ‘निव्वळ नफा’ म्हणजे कोणते खर्च वजा जाता, हिशोब तपासायचा अधिकार, आणि रिमेक, वेब मालिका किंवा पुढचा भाग निघाला तर तुमचा काय संबंध.

पटकथा तुमची असेल तर ती कुणालाही देण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा. हक्क देताना कायदा तुमच्या बाजूने आहे, फक्त तो माहीत हवा. हक्क लेखी आणि सहीनेच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात त्या हक्काचा वापर केला नाही, आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर हक्क परत तुमच्याकडे येतो. याच कारणाने समोरच्याचा वकील ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी, वापर न केल्यासही अबाधित’ असं वाक्य घालतो. ते वाक्य शोधा आणि त्यावर बोला. ‘तीन वर्षांत शूटिंग सुरू झालं नाही तर हक्क लेखकाकडे परत’ ही ओळ मागायला लाजू नका, बहुतेक निर्माते देतात. गीतकार आणि संगीतकारांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने थिएटरबाहेरच्या वापरावर रॉयल्टीचा हक्क पक्का केला आहे. तो करारानेही काढून घेता येत नाही.

स्वतः निर्माते असाल तर उलट बाजूने हेच कागद जमा करायचे आहेत. मूळ कथेचा हक्क, प्रत्येक कलाकार-तंत्रज्ञाचा करार, लोकेशनची परवानगी, माहितीपटात बोलणाऱ्यांची संमती. फिल्म विकत घेणारा ओटीटी प्लॅटफॉर्म पहिल्यांदा ही फाइल मागतो, फिल्म नंतर बघतो. फुकट काम केलेल्या मित्राचीही सही घ्या. मैत्री टिकते, पण तो उद्या परदेशी गेला की सही मिळायला सहा महिने जातात.

तीन जागी नवे लोक हमखास अडकतात. एक, संगीत: गावातल्या वरातीत बँडवर गाजलेलं गाणं वाजतंय आणि तोच तुमच्या माहितीपटातला सर्वात जिवंत शॉट आहे. त्या चालीचे हक्क कुणाचे तरी आहेत. लायसन्स घ्या, नाहीतर एडिटमध्ये आवाज बदलता येईल अशा रीतीने शूट करा. दोन, जनावरं: बैलजोडी, कोंबडा, कुत्रा, काहीही पात्र म्हणून वापरणार असाल तर शूटिंगच्या आधी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी लागते, आणि ना-हरकत पत्र नसेल तर सेन्सॉरला काम थांबतं. ग्रामीण सिनेमाचं शेड्यूल लावताना याला वेळ ठेवा. तीन, लहान मुलं: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांची मर्यादा, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावावर मुदत ठेवीत. हे नियम चांगले आहेत. पाळा.

पायरी ५: सिनेमाचा पैसा

फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि तीच नव्या मुलांच्या डोक्यात बसते. त्याच गोष्टीतला दुसरा भाग फार कमी सांगितला जातो. १९१२ मध्ये फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोप वाढताना टप्प्याटप्प्याने चित्रित केलं, ती छोटी फिल्म भांडवलदाराला दाखवली आणि त्याच्याकडून पैसा उभा केला. तुम्हीही तेच करा. दोन-तीन मिनिटांचा एक प्रसंग नीट शूट करा. पन्नास पानांच्या प्रस्तावापेक्षा तो जास्त बोलतो.

घर, शेत, आईचे दागिने यांना हात लावू नका. या बाबतीत माझं मत ठाम आहे. पहिल्या सिनेमाचे पैसे परत येण्याची शक्यता इतकी अनिश्चित असते की घरच्यांच्या म्हातारपणावर ती जोखीम टाकायचा अधिकार आपल्याला नाही.

मामा, मित्र, गावातले डॉक्टर पैसे देणार असतील तर आधी ठरवा: हे कर्ज आहे, गुंतवणूक आहे की भेट? प्रत्येकाचा कागद वेगळा. २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेता येत नाही. ‘वर्षात दीडपट करून देतो’ असं सांगून ओळखी-अनोळखीच्या लोकांकडून पैसे गोळा करणं तर बेकायदा ठेवींच्या कायद्यात बसू शकतं. गुंतवणूक असेल तर स्पष्ट लिहा की पैसे बुडू शकतात, आणि वसुली आली तर आधी कुणाला, मग कुणाला. अशा कामासाठी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करणं सोयीचं: भागीदारांची जबाबदारी मर्यादित राहते आणि सिनेमाचे हक्क एका नावावर राहतात.

बाहेरचा पैसा शोधायचा तर गोव्याला जा. एनएफडीसी या केंद्राच्या चित्रपट महामंडळाचा फिल्म बाझार २००७ पासून इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला लागून नोव्हेंबरात भरतो. २०२५ पासून त्याला वेव्हज फिल्म बाझार म्हणतात. पटकथा असेल तर को-प्रोडक्शन मार्केट (सहनिर्माते शोधायची जागा), रफ कट म्हणजे कच्चं एडिट असेल तर वर्क-इन-प्रोग्रेस लॅब, फिल्म पूर्ण असेल तर व्ह्यूइंग रूम (खरेदीदार फिल्म बघतात ती जागा). निवड झाली नाही तरी प्रतिनिधी म्हणून जाता येतं, पण कुणाला भेटायचं ते आधी ठरवून, वेळ मागून जा. परदेशी निधीत रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड, बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड आणि माहितीपटांसाठी ॲमस्टरडॅमचा इडफा बर्था फंड आपल्याकडच्या लोकांसाठी खुले राहिले आहेत. परदेशातून अनुदान म्हणून आलेली रक्कम परदेशी देणग्यांवरच्या एफसीआरए कायद्यात अडकू शकते, म्हणून सही करण्याआधी सीएला विचारा.

पायरी ६: तिकिटाचे पैसे कुठे जातात

हा हिशोब वहीत स्वतःच्या हाताने करा. तिकीट १५० रुपयांचं. शंभरच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी (२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के). कर गेला की उरतात १२७ रुपये. मल्टिप्लेक्सशी वाटणीचं हिंदीतलं गणित निर्माते-वितरकांच्या २००९ च्या संपानंतर असं ठरलं: पहिल्या आठवड्यात निर्माता-वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, मग ३०. मराठीला याहून चांगलं मिळेल असं धरू नका. म्हणजे पहिल्या आठवड्यात साडेत्रेसष्ट रुपये. वितरकाचं कमिशन १५ टक्के धरलं तर तुमच्या हाती ५४. यातूनही पोस्टर, ट्रेलर, जाहिराती आणि डिजिटल प्रोजेक्शनचे थिएटरला द्यायचे पैसे आधी फिटायचे आहेत.

आता सिनेमा एक कोटीचा, प्रसिद्धी ४० लाखांची. फक्त थिएटरमधून ते वसूल करायचे तर पहिल्याच आठवड्याच्या दराने जवळपास २ लाख ६० हजार तिकिटं विकली जायला हवीत. शोला सरासरी ४० माणसं धरली तर साडेसहा हजार शो. तुमच्या ओळखीत गेल्या वर्षी किती मराठी सिनेमांना इतके शो मिळाले ते आठवून बघा, आणि मग बजेटवर पुन्हा बसा.

वितरकाशी करार करताना प्रदेशाचे शब्द नीट वाचा. व्यापारातली सर्किट जुन्या सरहद्दींवर आखलेली आहेत: मुंबई, पुणे, कोकण, गोवा मुंबई सर्किटमध्ये, विदर्भ सीपी-बेरारमध्ये, मराठवाडा निजाम सर्किटमध्ये. नुसतं ‘मुंबई सर्किट’ लिहिलेल्या करारात नांदेड-लातूर येत नाही. कोणते जिल्हे, ते नावानिशी लिहून घ्या. वितरक प्रसिद्धीचा खर्च करणार असेल तर त्याची वरची मर्यादा आकड्यात लिहा. दर सोमवारी थिएटरवार कलेक्शनचा तक्ता मिळेल, हेही लिहा.

पायरी ७: अनुदान, पुरस्कार, फेस्टिव्हल

राज्य सरकारची दर्जेदार मराठी चित्रपटांसाठीची अर्थसाहाय्य योजना गोरेगावच्या चित्रनगरीतून चालते. ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख हे त्याचं बरीच वर्षं चाललेलं गणित. चालू शासन निर्णय आणि अटी शूटिंगच्या आधीच वाचा. सिनेमा पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर, परीक्षण समितीने पाहिल्यावर पैसे मिळतात, आणि ते निर्मात्याला मिळतात. त्यामुळे ‘अनुदान येईलच’ असं धरून व्याजाने पैसे उचलणं धोक्याचं आहे. बजेटच्या जमेच्या बाजूला त्या ओळीत शून्य लिहा.

पुरस्कारांनी मान मिळतो, कर्ज फिटत नाही. ७० व्या राष्ट्रीय पुरस्कारांपासून सुवर्णकमळाला ३ लाख आणि रजतकमळाला २ लाख आहेत. फेस्टिव्हलसाठी मात्र स्वतंत्र रक्कम ठेवा, कारण प्रवेश शुल्क, डीसीपी (थिएटरमध्ये चालणारी डिजिटल प्रत) आणि सबटायटल मिळून बराच खर्च होतो. इफ्फीचा इंडियन पॅनोरमा (भारतीय सिनेमांचा विभाग), पुण्याचा पिफ, केरळचा आयएफएफके, माहितीपटांसाठी मुंबईचा मिफ आणि केरळचा आयडीएसएफएफके, यांपासून सुरुवात करा. दर महिन्याला ‘पुरस्कार’ वाटणारे आणि शुल्क घेऊन पोस्टरवर लावायला पानांची नक्षी पाठवणारे फेस्टिव्हल टाळा. खरेदीदार त्या नक्षीकडे बघत नाहीत.

पायरी ८: थिएटरच्या बाहेर

प्लॅटफॉर्म तीन पद्धतींनी व्यवहार करतात: ठोक रक्कम, पाहिलेल्या तासांवर पैसे, किंवा भाड्याने पाहिल्याच्या रकमेत वाटा. नव्या माणसाच्या वाट्याला बहुतेकदा दुसरी पद्धत येते. तेव्हा मुदत दोन-तीन वर्षांची ठेवा आणि हक्क त्या एकाच प्रकारापुरते द्या. टीव्ही, विमान, शैक्षणिक वापर, परदेश, रिमेक हे वेगवेगळे हक्क आहेत. सगळे एकाच कागदावर, एकाच रकमेत गेले की तुमच्याकडे पुढे विकायला काहीच उरत नाही.

यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलेलं असावं लागतं, मग लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे. लघुपटासाठी हे दीर्घकाळ चालणारं दुकान होऊ शकतं, पण फेस्टिव्हलची फेरी संपल्यावरच तिथे टाका. बरेच फेस्टिव्हल आधीच ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत.

माहितीपटवाल्यांनी स्वतः खेळ लावण्याकडे गंभीरपणे बघावं. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ, पुण्याचा आशय फिल्म क्लब, महाविद्यालयं, जिल्ह्याजिल्ह्यातल्या वाचनालयांचे सभागृह. खेळाचं मानधन आणि प्रवासखर्च मागा. पहिल्यांदा अवघड वाटतं, पण देणारे देतात. भारतात सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या दुरुस्तीपासून ते कायमचं असतं, त्यामुळे एकदाच खर्च होतो. परदेशातली महाराष्ट्र मंडळंही आहेत. लंडनचं मंडळ १९३२ पासूनचं, आणि उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. तिथल्या कार्यक्रम समितीला आठ-दहा महिने आधी लिहा.

पायरी ९: मार्गदर्शकाकडे जाताना

ज्याने निदान एक सिनेमा शेवटापर्यंत नेला आहे, विकला आहे आणि त्याचे आकडे उघडपणे सांगायला तयार आहे, अशा माणसाकडे जा. त्याला विचारा: पैसे कुठून आले, किती परत आले, त्या काळात घर कशावर चाललं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तो टाळत असेल तर त्याच्याकडून दिग्दर्शन शिका, धंद्याचं दुसऱ्याला विचारा. ओळख करून देण्याबद्दल कुणी टक्केवारी किंवा सहनिर्मात्याचं श्रेय मागितलं तर ते आधी लेखी ठरवा. न ठरवता दिलेलं श्रेय पुढे हक्काच्या भांडणात उभं राहतं.

जाताना चार कागद न्या: एक पानी गोष्ट, बजेट, कोणता हक्क कुणाकडे आहे त्याचा तक्ता, आणि पहिल्या पायरीत काढलेला तुमचा दिवसाचा दर. भेट झाल्यावर त्याच दिवशी, ठरलेल्या गोष्टी आणि तारखा लिहून त्या माणसाला ईमेल करा.